बैल चरले कधी?

१

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्सचं आणि वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. शिक्षण बारावीपर्यंत. पण गेली २२ वर्षं दुकान बंद असेल त्या दिवशी मी जुन्या बैलवाटांचा माग काढत हिंडतो. कोकणातलं मीठ कुठला घाट चढून वर यायचं, लमाणांचे तांडे कुठल्या पाणवठ्याला उतरायचे, वऱ्हाडातला कापूस आणि धान्य बैलांच्या पाठीवरून कुठं जायचं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, जुन्या गॅझेटिअरांत शोधायचं आणि वहीत उतरवून ठेवायचं. अशा १९ वह्या भरल्या आहेत. त्यांचं पुस्तक व्हावं अशी इच्छा होती, ते अजून झालेलं नाही.

गेल्या दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला तो तीन मित्रांना घेऊन. चौघंही सॉफ्टवेअरवाले. फराळ झाल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, “काका, तुमच्या तांड्यावर आम्हाला गेम करायचा आहे. गोष्ट तुमच्याकडे आहेच. फक्त जॉनर ठरत नाही.”

जॉनर म्हणजे खेळाची जातकुळी. त्यांनी चार पर्याय काढून ठेवले होते. एकात तांड्यावर दरोडेखोर चाल करून येतात आणि खेळाडू तलवारीनं त्यांना परतवतो. दुसऱ्यात दोन तांड्यांची शर्यत, जो आधी बाजारपेठेत पोचेल तो जिंकला. तिसऱ्यात तांडा वसवत, वाढवत न्यायचा. चौथा म्हणजे नुसती गोष्ट, मध्येमध्ये खेळाडूला दोन-तीन वाटा दाखवायच्या आणि निवड करायला लावायची.

मला हा प्रश्न वरवरचा वाटला. मजकूर खरा असला की झालं, त्याला कापडी बांधणी करायची की पुठ्ठ्याची, हे छापणाऱ्यानं ठरवावं, असं माझं मत होतं. तसं मी बोललोही. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेला एक मित्र बोलला. त्याचं घर दिग्रसकडच्या एका तांड्यावर आहे, त्याच्या घरी आजही गोरबोली बोलतात. तो म्हणाला, “काका, पहिला पर्याय घेतला तर मी यात नाही. शाळेत माझी पेन्सिल हरवली तरी ओरडा मलाच बसायचा, आणि दुसऱ्याची हरवली तरी मलाच. गेममध्ये तलवार दिली की खेळणाऱ्याच्या लक्षात तलवारच राहणार. दरोडेखोर कोण आणि लमाण कोण, हे त्याच्या डोक्यात महिनाभर तरी टिकेल का?”

त्याच्या बोलण्यानं मी चपापलो. माझ्या १९ वह्यांत जे आहे ते सगळं त्या गेममध्ये घातलं असतं तरी त्याचा प्रश्न सुटला नसता. म्हणून ठरवलं, वाटांचा माग काढतो तसा याचाही काढायचा. इतिहासावर खेळ करायला निघालेल्या लोकांनी आजवर खेळाडूच्या हाती काय दिलं, आणि त्याचं पुढं काय झालं?

२

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की नावाजलेले बरेच खेळ जातकुळी ठरवून जन्माला आलेलेच नाहीत. त्यांच्या कर्त्यांना आधी एक क्रियापद सापडलं.

१९७८ साली जपानमध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला आणि नाण्यांवर चालणाऱ्या खेळांच्या दालनांत गोळीबाराला ऊत आला. परग्रहावरून कोणीतरी येतंय, त्याला टिपा. नामको कंपनीतल्या तोरू इवातानी या तरुणाला वाटलं की या दालनांत मुली-बायका फिरकत नाहीत, कारण तिथं मारण्यावाचून करायला काही नाही. त्यानं ‘मारणं’ बाजूला ठेवलं आणि ‘खाणं’ हा शब्द धरला. १९८० सालच्या ‘पॅक-मॅन’मध्ये पिवळं तोंड बोळाबोळांतून ठिपके खात फिरतं, ते या एका शब्दावर उभं आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या विल राइटचं. १९८४ मध्ये त्यानं ‘रेड ऑन बंगेलिंग बे’ हा हेलिकॉप्टरमधून बेटांवर बॉम्ब टाकण्याचा खेळ केला. बेटं, रस्ते, कारखाने मांडता यावेत म्हणून त्याला एक वेगळं अवजार तयार करावं लागलं. ते वापरताना त्याच्या ध्यानात आलं की बेटं उडवण्यापेक्षा मांडण्यातच आपल्याला जास्त मजा येते. त्यातून ‘सिमसिटी’ निघाला. जिंकणं-हरणं नसलेला खेळ घेणार कोण, अशी प्रकाशकांना धास्ती होती, त्यामुळं तो बाजारात यायला १९८९ उजाडलं. शहर वसवण्याच्या खेळांची वेगळी जात लोक मानू लागले ते त्यानंतर.

पण ही दोन्ही उदाहरणं कल्पनेतल्या जगाची. आमच्या मुलांपुढचा पेच इतिहासाचा होता. त्यासाठी मला जे उदाहरण सापडलं ते एका शिकाऊ मास्तराचं आहे, आणि योगायोग असा की तेही बैलांचंच आहे.

३

१९७१ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिनिॲपोलिस शहरी डॉन रॉविच नावाचा कॉलेजचा विद्यार्थी एका शाळेत आठवीला इतिहास शिकवण्याचा सराव करत होता. धडा होता पश्चिमेकडच्या स्थलांतराचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हजारो कुटुंबं मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावाहून बैल जुंपलेल्या गाड्या घेऊन निघाली आणि सुमारे २,००० मैल तुडवत ऑरेगनला गेली. पाच-सहा महिन्यांचा प्रवास. हा धडा वाचून दाखवण्यापेक्षा मुलांना खेळायला द्यावा असं रॉविचला वाटलं. त्यानं मोठ्या कागदावर नकाशा काढला, फासे आणि पत्त्यांसारखी कार्डं करायला घेतली. आपल्या सापशिडीसारखं: फासा टाका, पुढं सरका, कार्ड उचला, काय संकट आलं ते वाचा.

त्याच्या खोलीत बिल हाइनेमन आणि पॉल डिलनबर्गर हे दोन मित्र राहायचे. दोघंही गणित शिकवण्याचा सराव करत होते आणि त्यांना थोडं प्रोग्रॅमिंग येत होतं. हाइनेमननं जमिनीवर पसरलेला तो नकाशा पाहिला आणि म्हणाला, हे संगणकावर होईल. दोन आठवड्यांत त्यांनी ते बेसिक भाषेत लिहून काढलं. ३ डिसेंबर १९७१ ला ‘द ऑरेगन ट्रेल’ वर्गात पहिल्यांदा खेळला गेला. तेव्हा शाळेत पडदा नव्हता. टेलिटाइप यंत्र टेलिफोनच्या तारेनं दूरच्या संगणकाला जोडलेलं असे, प्रश्न कागदाच्या भेंडोळ्यावर छापून येई आणि मुलं खाली उत्तर टंकत.

कागदावरच्या खेळाचा संगणकावर खेळ झाला, एवढाच हा बदल नव्हता. फाशाच्या खेळात मुलगा काहीच ठरवत नाही, नशीब ठरवतं. संगणकानं हिशेब ठेवण्याचं काम अंगावर घेतल्याबरोबर मुलाच्या हाती ठरवणं आलं. या खेळाचा १९७८ साली ‘क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग’ मासिकात छापलेला प्रोग्रॅम मी पुतण्याकडून ओळीनं समजून घेतला. साल १८४७. गाठीला ९०० डॉलर. त्यातले २०० गाडीला गेले, उरलेल्या ७०० मध्ये बैल, धान्य, काडतुसं, कपडे आणि किरकोळ सामान बसवायचं. बैलांवर कमीत कमी २०० आणि जास्तीत जास्त ३०० खर्च करता येतात. तिथं जितका हात आखडता घ्याल तितके पुढं दर पंधरवड्याला कमी मैल कापले जातात. कपड्यांत कुचराई केली की महिनोन्‌महिने काही होत नाही, आणि डोंगरात थंडी पडली की ती अंगाशी येते. प्रत्येक टप्प्याला विचारतात: जेवण पोटभर, बेताचं की अर्धपोटी? शिकार करायची तर ‘बँग’सारखा शब्द झटपट टंकायचा. जितक्या लवकर टंकाल तितका नेम बरा.

म्हणजे या खेळाचं क्रियापद ‘पुरवणं’ हे आहे. आहे ते मुक्कामापर्यंत पुरवायचं. आठवीतल्या मुलाला तारखा पाठ न करताही स्थलांतर म्हणजे काय ते कळलं, कारण त्यानं पहिल्या दिवशी केलेली चूक चार महिन्यांनी त्याच्या पुढ्यात आली.

पुढचा भाग माझ्यासारख्या वह्या भरणाऱ्याला महत्त्वाचा वाटावा असा आहे. सत्र संपल्यावर रॉविचनं प्रोग्रॅम संगणकावरून पुसला आणि एक छापील प्रत जवळ ठेवली. १९७४ मध्ये तो मिनेसोटाच्या शैक्षणिक संगणक संस्थेत नोकरीला लागला आणि तिथं त्यानं ती प्रत बघून सगळं पुन्हा टंकलं. या वेळी त्यानं त्या प्रवाशांच्या रोजनिशा काढून वाचल्या. आजारपण किती वेळा आलं, गाडी किती वेळा मोडली, वाट किती वेळा चुकली, हवा कुठं बिघडली, आणि त्या प्रमाणात त्यानं खेळातल्या घटनांची शक्यता बदलली. म्हणजे रोजनिशांतलं एकही वाक्य खेळात दिसत नाही, पण ती आकड्यांमध्ये मुरलेली आहेत. संशोधनाची जागा मजकुरात असते असं मी धरून चाललो होतो. इथं ती आकड्यांत होती.

४

मात्र याच खेळात एक मोठी फट आहे, आणि ती आमच्या दिग्रसकडच्या मित्राला पहिल्यांदा दिसली.

१९७८ च्या त्या प्रोग्रॅममध्ये वाटेत मध्येच घोडेस्वार समोर येतात. ते शत्रू दिसतात की नाही एवढं सांगून खेळ विचारतो: पळायचं, हल्ला करायचा, तसंच पुढं जायचं, की गाड्यांचं रिंगण करायचं? रॉविचनं मूलनिवासी लोक अन्न कुठं मिळेल ते दाखवतात, अशीही एक घटना घातली होती, हे त्याच्या पदरात टाकायला हवं. पण २,००० मैलांची ती जमीन कुणाची, हा प्रश्न खेळ एकदाही विचारत नाही. विचारू शकत नाही, कारण खेळाडूच्या हाती दिलेलं क्रियापद ‘पुरवणं’ आणि ‘पोचणं’ हे आहे. ज्याला पोचायचं आहे त्याला मधली माणसं एक तर अडचण वाटतात नाही तर मदत. ती तिथं राहतात हे त्याला दिसत नाही. जॉन अनरू या इतिहासकारानं १८४० ते १८६० या काळातल्या या वाटांचा हिशेब मांडला. त्यात मूलनिवासींच्या हातून मेलेले प्रवासी ३६२ आणि प्रवाशांच्या हातून मेलेले मूलनिवासी ४२६. प्रवाशांचे खरे बळी पटकीनं आणि अपघातांनी घेतले होते.

१९८५ साली ॲपलच्या संगणकासाठी याच खेळाची चित्रांची आवृत्ती निघाली. तीत खेळाडूला आपण बोस्टनचे सावकार, ओहायोचे सुतार की इलिनॉयचे शेतकरी हे निवडता येतं. सावकाराच्या गाठीला पैसा जास्त, पण शेतकऱ्यानं मुक्काम गाठला तर त्याचे गुण तिप्पट. निघायचं कोणत्या महिन्यात हेही ठरवायचं: लवकर निघालात तर बैलांना गवत नाही, उशीर केलात तर डोंगरात बर्फ. शिकारीत मात्र आता शब्द टंकायचा नव्हता, पडद्यावर धावणारी जनावरं बंदुकीनं टिपायची होती. अमेरिकेतल्या एका अख्ख्या पिढीनं हा खेळ शाळेत खेळला. २०२१ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली तेव्हा कर्त्यांनी मूलनिवासींच्या इतिहासाच्या अभ्यासकांना सोबत घेतलं. पोशाख, नावं, भाषा यांत दुरुस्ती झाली आणि मूलनिवासी प्रवासी म्हणून खेळण्याची सोयही आली.

पण मला जास्त शिकवलं ते २०१९ च्या दुसऱ्या एका खेळानं. ‘व्हेन रिव्हर्स वेअर ट्रेल्स’ हे त्याचं नाव. मूलनिवासींच्या जमिनीच्या हक्कांसाठी काम करणारी एक संस्था आणि मिशिगन स्टेट विद्यापीठ यांनी मिळून तो केला. एलिझाबेथ लापेन्से त्याची मुख्य कर्ती आणि लिहिणारे बहुतेक मूलनिवासी लेखक. काळ १८९० च्या दशकाचा. १८८७ च्या कायद्यानं समाईक जमिनींचे तुकडे पाडायला सुरुवात झालेली. खेळाडू अनिशिनाबे समाजातला माणूस, तो घरातून हुसकावला जातो आणि पश्चिमेकडं कॅलिफोर्नियापर्यंत जातो. इथंही सुरुवात मिनेसोटातूनच होते, रॉविचनं जिथं कागद पसरला त्याच राज्यातून. दिशाही तीच. पण वाटेतल्या माणसांशी बोलणं, त्यांचं ऐकणं, कुणाला मदत करायची ते ठरवणं, हे इथलं मुख्य काम आहे. शरीराची ताकद राखायची तशी मनाची आणि भावनांचीही राखायची. वाट एकच, पश्चिमेची. क्रियापद बदललं आणि मधली रिकामी जागा माणसांनी भरली.

हे दोन्ही खेळ मी पुतण्याच्या लॅपटॉपवर पाहिले. त्यानंतर मी त्याला फोन केला आणि म्हणालो, “बांधणीची गोष्ट नाही रे ही. मीच चुकलो.”

५

मग प्रश्न उरला, तांड्याचं क्रियापद कोणतं?

वह्या काढून बसलो. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याला जाताना त्याला एक तांडा भेटला. धान्य लादलेले १४,००० बैल त्यात होते असं त्यानं लिहून ठेवलंय. हा तांडा दिवसाकाठी सहा-सात मैलांपेक्षा जास्त चालत नसे. ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्यासुद्धा १०-१२ हजार बैलांच्या रांगांचं वर्णन करतो. १८०३ च्या मराठ्यांशी झालेल्या युद्धात असईच्या मैदानाकडं निघालेल्या आर्थर वेलस्लीच्या पत्रव्यवहारात ‘ब्रिंजारी’ पुन्हापुन्हा येतात, कारण त्यांच्या बैलांवरचं धान्य पोचलं नाही तर त्याची फौज उपाशी राहणार होती.

या सगळ्या नोंदी मी पूर्वीही वाचल्या होत्या, दिपून वाचल्या होत्या. किती हजार बैल, केवढा पसारा, कुणाकुणाच्या फौजा यांच्यावर जगल्या. या वेळी मात्र ते ‘सहा-सात मैल’ डोळ्यांत खुपलं. इतकं सावकाश का? गाडीचा बैल यापेक्षा सहज जास्त चालतो.

आधी मी त्यावर फार थांबलो नाही. मुलांनी संक्रांतीच्या सुटीत कागदावरचा खेळ करून आणला. रॉविचसारखाच, तपकिरी कागदावर. डावीकडं घाटमाथा, उजवीकडं वऱ्हाड, मध्ये मुक्कामांची गोल चिन्हं. चिंचोके म्हणजे बैल, ज्वारीचे दाणे म्हणजे मिठाच्या गोण्या, आणि चालीसाठी कवड्या. जो तांडा आधी पोचेल त्याला मिठाचा भाव जास्त. पुतण्या म्हणाला, “सध्या शर्यत ठेवलीय, बघू.”

तो कागद घेऊन आम्ही दिग्रसकडच्या मित्राच्या घरी गेलो. ओसरीत मांडला. त्याची आजी ऐंशीच्या पुढची. तिला दिसतं कमी, पण बोलणं स्वच्छ. ती शेजारी येऊन बसली. चिंचोके म्हणजे बैल एवढं नातवानं तिला गोरबोलीत सांगितलं. दोन डाव झाले. तिसऱ्यात पुतण्यानं कवड्या टाकल्या, सहा पडले, त्यानं भराभर सहा घरं पुढं नेलं आणि टाळी वाजवली.

आजीनं मला विचारलं, “भाऊ, हे बैल चरले कधी?”

कोणी काही बोलेना. ती पुढं म्हणाली, “आमचे सासरे सांगत, त्यांच्या बापाच्या वेळी चालायचं थोडं आणि चारायचं जास्त. बैल भुकेला निघाला तर गोणी तुम्ही उचलाल का?”

सहा-सात मैलांचं उत्तर ते होतं. गाडीवाल्याला चारा विकत घ्यावा लागतो नाही तर बरोबर न्यावा लागतो. तांड्याचे बैल वाटेवरच्या माळावर, पडीत रानात चरत चरत जायचे, म्हणून लमाणांची वाहतूक स्वस्त पडायची आणि म्हणूनच सावकाश व्हायची. मिठासारखी हलक्या मोलाची, जड वस्तू शेकडो मैल न्यायला परवडत होती ती या सावकाशपणामुळं. २२ वर्षं मी तांड्यांच्या ‘वाटा’ शोधत होतो. म्हातारी सांगत होती की वाटेला वाट गवतामुळं म्हणायचं.

६

कागद नव्यानं केला. कवड्या काढून टाकल्या. आता प्रत्येक मुक्कामाला गवताचे आणि पाण्याचे ठरावीक दाणे ठेवलेत. महिना बदलला की ते कमी-जास्त होतात. तुमच्या आधी दुसरा तांडा उतरून गेला असेल तर उरलं असेल तेवढ्यावर भागवायचं. खेळाडूनं प्रत्येक पाळीला दोनच गोष्टी ठरवायच्या: आज कुठं उतरायचं, आणि किती ओझं पाठीवर ठेवायचं. गवत कमी पडलं तर एक तर मिठाच्या गोण्या गावाला स्वस्तात देऊन बैल हलके करायचे, नाही तर बैल गमवायचे. गावाशी नीट वागलात तर परतीला तिथं चराई मिळते, हा आणखी एक नियम.

पहिल्यांदा हा डाव तीन तास चालला आणि मुंबईहून आलेला एक मित्र चक्क लोडाला टेकून झोपला. सावकाशपणा खरा असला तरी तो खेळायला लावणं म्हणजे माणसाला छळणं. मग मुक्काम कमी केले, ओझ्याची निवड अवघड केली. आता ४० मिनिटांत डाव संपतो, आणि शेवटच्या घाटाशी आल्यावर मीठ सोडायचं की बैल, यावर कडाक्याचं भांडण होतं. एकदा पुतण्यानं सगळं मीठ राखलं आणि तीन बैलांनिशी बाजारात पोचला. सगळे हसले. आजी हसली नाहीत. “आता परत कसा जाशील?” एवढंच त्यांनी विचारलं. त्या दिवसापासून डाव बाजारात संपत नाही, परत येऊन संपतो.

यात तलवार कुठंच आली नाही. कोणी ती मुद्दाम वगळलेली नाही. ‘चारणं’ हे क्रियापद घेतल्यावर तिला जागाच राहिली नाही. या खेळाची जातकुळी कोणती, असं मी पुतण्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “याला रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात, काका. आता कळलं.” नाव असं शेवटी आलं.

एक भाग मात्र अजून सुटलेला नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली, आणि पुढच्या काही दशकांत रूळ आणि पक्क्या सडका जिथं जिथं पोचल्या तिथून बैलांच्या पाठीवरची वाहतूक उठत गेली. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. काही प्रांतांत लमाण-बंजाऱ्यांचीही नावं त्यात गेली. नोंदणी, हजेरी, हद्दीबाहेर जायला परवाना. ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत हे चाललं. मी सुचवलं की खेळाचा शेवटचा भाग असा करावा: मुक्कामांची चिन्हं एकेक करून पुसली जातात, हालचालीला परवाना लागतो, आणि शेवटी खेळाडूला एकच गोष्ट करता येते, हजेरी देणं. जो खेळ चरत चरत चालण्याचा आहे त्यातून चालणंच काढून घ्यायचं. कायद्यावरचं व्याख्यान जे सांगणार नाही ते यातून कळेल असं मला वाटतं.

दिग्रसकडच्या मित्राला ते अर्धंच पटलं. “हजेरी दाखवा, पण तिथं संपवू नका,” तो म्हणाला. “तिथं संपवलं तर खेळणारा हळहळून लॅपटॉप बंद करील आणि आम्ही संपलो असं समजेल. माझी आजी ओसरीत बसलीय.” मी म्हटलं, मग पुढं खेळाडूनं काय करायचं? ऊसतोड? शाळा? पुण्याची नोकरी? तो म्हणाला, “ते मलाही नाही सुचलं. पण शेवट तुम्ही एकट्यानं ठरवायचा नाही.” ते मला मान्य आहे. या दिवाळीत कागद पुन्हा त्याच ओसरीत मांडायचा आहे, तांड्यावरची आणखी काही मंडळी खेळायला बसणार आहेत. शेवट त्यांच्यासमोर ठरेल.

तोवर मला नेमून दिलेलं काम वेगळंच आहे. कुठल्या महिन्यात कुठल्या मुक्कामाला किती गवत आणि पाणी ठेवायचं, ते आकडे मी द्यायचेत. रॉविचनं रोजनिशा वाचल्या तशा मी माझ्याच वह्या पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतल्या आहेत. त्यांत लढाया, नवस आणि नायकांच्या मोठेपणाच्या कथा पानोपानी आहेत. मात्र कुठला नाला कोणत्या महिन्यात आटतो हे सांगणाऱ्यांचं बोलणं मी तेव्हा अर्ध्यात थांबवलेलं दिसतं. त्यांतले काही जण अजून आहेत. दुकान बंद असेल त्या दिवशी आता त्यांच्याकडं जातोय.